वृषणाला पीळ पडल्याचा संशय: नव्या रेसिडेंटसाठी

धडगाव-अक्कलकुव्याकडून पोरगा धुळ्याला पोहोचेपर्यंतच तीन-चार तास गेलेले असतात, आणि वृषण वाचण्याची खरी संधी पहिल्या सहा तासांतच. म्हणून सोनोग्राफीसाठी अडून राहू नकोस. अचानक दुखणं, उलटी, वर चढलेलं आडवं वृषण, मांडीच्या आतून बोट फिरवल्यावर ते न हलणं: एवढं दिसलं की थेट ऑपरेशन थिएटर (ओटी). नुसतं पोट दुखतंय म्हणणाऱ्याचीही चड्डी उतरवून बघच. पोरं लाजेपायी सांगत नाहीत. संमतीपत्रात वृषण काढावं लागू शकेल हे लिहून घे.

पीळ सोडवला की कोमट सलाईनमध्ये भिजवलेल्या मॉपमध्ये (जाळीदार कापडाच्या घडीत) दहा मिनिटं ठेव, रंग बघ. काळंच राहिलं तर काढ. वाचलं तर पुन्हा पिळू नये म्हणून न विरघळणाऱ्या धाग्याने पिशवीच्या आतल्या बाजूला तीन ठिकाणी टाके. दुसरी बाजूही त्याच वेळी शिवून घे. वृषण पिशवीत नीट चिकटलेलं नसतं, म्हणून ते पिळतं; बहुधा तिथंही तोच जन्मजात दोष असतो.