माडीच्या फळ्या घासायच्या आधी

भावा, आजोबांच्या माडीच्या सागवानी फळ्या स्वतः घासायच्या म्हणतोस, चांगलं आहे. पण जुलैत हात घालू नकोस. कोल्हापूरचा पाऊस म्हणजे लाकूड फुगणार, पॉलिश दिवसेंदिवस चिकट राहणार. दिवाळीनंतर सुरू कर.

आधी वर आलेले मोळे, म्हणजे खिळे, पंचानं (खिळ्याच्या डोक्यावर ठेवून ठोकायच्या लोखंडी कांडीनं) आत ठोक. मी ते टाळलं आणि भाड्यानं आणलेल्या घासायच्या मशीनचे तीन सँडपेपर तासाभरात फाटले, वर दुकानदाराचं ऐकून घेतलं ते वेगळंच. मग ६०, ८०, १२० अशा सँडपेपरच्या नंबरांनी, म्हणजे जाडसरकडून बारीककडे, लाकडाच्या रेषेच्या दिशेनंच घास. मशीन चालू असताना एका जागी थांबलास की खड्डा पडलाच, आणि तो पॉलिश चढल्यावर जास्त दिसतो. तोंडाला मास्क हवाच. अळशीचं तेल लावणार असशील तर भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, आपोआप पेट घेतात. बाहेर मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळव.

स्वयंपाकघराचंही काम काढणार असशील तर थोडक्यात: सिंकखालच्या कपाटाला आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घे, कापलेल्या कडा सील कर. आणि ओट्याची उंची वहिनींना उभं करून ठरव, कॅटलॉग बघून नको.