दारव्हा-यवतमाळ रोजची ये-जा आणि रविवारची भटकंती: ४०० सीसीची नेकेड घ्यावी का?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर दारव्ह्याला, नोकरी यवतमाळला, जाऊन-येऊन ८० च्या वर किलोमीटर. हात १५० सीसीवर बसलेला, उंची ५ फूट ६ इंच. आता ४०० ते ६५० सीसीमधली नेकेड, म्हणजे पुढे काच-आवरण नसलेली गाडी घ्यायची आहे, रविवारी वहिनींना घेऊन फिरायचं आहे आणि ऑनरोड साडेतीन लाखांच्या वर जायचं नाही.

मी परतवाड्याचा. अमरावतीला कामावर गाडीनेच जातो आणि ४०० सीसीची नेकेडच चालवतो. माझं सरळ मत आहे की गाडी घ्या, पण ४०० च्या आसपासचीच घ्या. आणि निवडताना पुण्या-मुंबईच्या घाटांतले रिव्ह्यू बाजूला ठेवा. आपल्याकडे गाडी कशी आहे ते मे महिन्यात कळतं आणि पुन्हा शेतमाल रस्त्यावर येतो तेव्हा कळतं.

आधी ओव्हरटेकचं बोलू, कारण तुमच्या रस्त्यावर रोजचा प्रश्न तोच आहे. जिनिंगकडे निघालेली कापसाची ट्रॉली डोळ्यासमोर आणा. दोन्ही बाजूंनी फळ्यांच्या बाहेर हातभर फुगलेला कापूस, मागे लाल दिवा नाही, वेग जेमतेम तीस. पुढचं काही दिसत नाही. तुम्ही थोडं उजवीकडे सरकून बघता, रस्ता मोकळा दिसतो आणि तेवढ्याच वेळात निघायचं असतं. रॉयल एनफिल्डच्या हंटर ३५० सारख्या एअर-कूल्ड गाडीत २० पीएसच्या आसपास ताकद आणि २७ एनएम टॉर्क, म्हणजे ओढ, आहे. गाडी गुणी आहे, पण मागे माणूस बसलेला असला की अशा वेळी जास्त मोकळी जागा मिळेपर्यंत थांबावं लागतं. ४० पीएसच्या गाडीत तिसऱ्या गिअरवर ट्रॉली केव्हाच मागे पडते. उलट्या दिशेला जितके कमी सेकंद, तितकं बरं. मी ४०० च्या बाजूने आहे तो एवढ्यासाठी. टॉप स्पीडचा आपल्याला काही उपयोग नाही. संध्याकाळी पऱ्हाटीतून (कापसाच्या झाडांतून) रोही, म्हणजे नीलगाय, केव्हा आडवा येईल सांगता येत नाही, आणि रानडुकरं तर कळपानेच येतात. अंधार पडला की मी ६० च्या वर जात नाही, तुम्हीही जाऊ नका.

आता उन्हाचं. ४०० च्या बहुतेक गाड्या लिक्विड-कूल्ड आहेत, म्हणजे इंजिन द्रवाने थंड होतं आणि तो द्रव पुढच्या रेडिएटरमध्ये निवतो. मोकळ्या रस्त्यावर ४५ अंशांतही इंजिनला काही होत नाही, पण गावात गर्दीत अडकलात की पंखा सुरू होतो आणि गरम हवा थेट नडग्यांवर येते. तुमच्या वाटेवर गर्दी दोन्ही टोकांनाच आहे, म्हणून हे सोसण्यासारखं आहे. जास्त त्रास उघड्या छातीवर बसणाऱ्या झळांचा. नेकेडला पुढे काच नसते, ८० च्या वेगाने मे महिन्यातला वारा अंगातलं पाणी ओढून घेतो. पूर्ण बाह्यांचं जाळीदार जॅकेट, आत सुती कपडा आणि हेल्मेटखाली ओला रुमाल हे गाडीच्या किमतीतच धरा. दुपट्टा बांधायचा तर टोकं जॅकेटच्या आत खोचा, मागे उडती ठेवू नका.

पावसाळ्यात वेगळंच. ट्रॅक्टर शेतातून डांबरावर चढतो तेव्हा चाकांची काळी माती रस्त्यावर येते, आणि पहिल्या सरीनंतर ती साबणासारखी घसरते. नेकेडचे रुंद टायर डांबरासाठी बनवलेले असतात, ह्या मातीवर त्यांना धर मिळत नाही. शिवाय पुढचं मडगार्ड टायरला इतकं चिकटून असतं की चिखल मध्ये गच्च बसतो. घरी आल्यावर तो काडीने काढा आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेली माती हलक्या पाण्याने धुवा. वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरचा पाइप रेडिएटरवर मारू देऊ नका, पातळ पत्रे वाकतात आणि मग उन्हाळ्यात गाडी तापते. दिवाळीच्या आधी सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) रस्त्यावर पसरलेलं असतं, तिथे ब्रेक न दाबता सरळ आणि हळू जायचं. ड्युअल चॅनल एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर दोन्ही चाकं जाम होऊ न देणारी सोय, हवाच, पण कुटारावर तोही फार कामाचा नाही.

पैशांचं नीट समजून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या गाडीवर ४० टक्के. नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो. त्याचा मूळ हप्ता १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये आणि ३५० च्या वर १५,११७ रुपये असा चालत आला आहे. पेट्रोलचं गणित तर रोजचं आहे. महिन्याला तुमचे २,००० किलोमीटर होतील, वर्षाला २४,०००. १५० सीसी ४५ चं मायलेज देत असेल आणि ४०० सीसी २८ चं, तर वर्षाला ३०० लिटरच्या वर पेट्रोल जास्त लागेल. शंभराच्या वरच्या भावाने ते ३० हजारांहून जास्त होतात. मागचा टायरही बहुधा वर्षाच्या आतच बदलावा लागेल. म्हणून जुनी १५० सीसी विकू नका. तिचे येऊन येऊन किती येणार? चिखलाच्या दिवसांत तीच काढा.

गाड्यांमध्ये माझी पहिली पसंती ट्रायम्फ स्पीड ४००. ती बजाज चाकणला बनवते. ३९८ सीसी, ४० पीएस, ३७.५ एनएम, सीट फार उंच नाही, वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास. तुमच्या उंचीला दोन्ही पाय टेकतील. टाकी १३ लिटरची, आणि सर्व्हिस १६,००० किलोमीटरला किंवा वर्षाला असं कंपनी सांगते. तुमच्या धावण्याला हे फार सोयीचं आहे. रॉयल एनफिल्डची गुरिल्ला ४५० खालच्या आरपीएमला जास्त जोर देते, ४० एनएम ५,५०० ला मिळतो आणि रोजच्या रस्त्याला ते छान वाटतं. पण टाकी ११ लिटरची, म्हणजे तीन दिवसांआड पंपावर जाणं आलं. केटीएम ३९० ड्यूक सर्वांत हलकी आणि चपळ, ४६ पीएसची. टाकीही १५ लिटरची. एकट्या माणसाला मी तीच सांगितली असती, पण मागची सीट उंच आणि आखूड आहे, वहिनी तासाभरात कंटाळतील. इंटरसेप्टर ६५० चा आवाज आणि चाल मला मनापासून आवडते, पण दोन क्विंटलच्या वरची गाडी रोज ऑफिसच्या पार्किंगमध्ये मागे-पुढे करायची, आणि ऑनरोड ती तुमच्या बजेटच्या बाहेर जाईल.

हे सगळं एका अटीवर: त्या कंपनीचं अधिकृत वर्कशॉप तुमच्यापासून किती लांब आहे ते आधी बघा. यवतमाळात असेल तर प्रश्नच नाही, ऑफिसला जाताना गाडी टाकली आणि येताना घेतली. प्रत्येक सर्व्हिसला नागपूर गाठायचं असेल तर एक रजा आणि जाऊन-येऊन ३०० च्या वर किलोमीटर धरा. तसं असेल तर दुसऱ्या पसंतीची पण जवळ वर्कशॉप असलेली गाडी घ्या. ह्यात मी तडजोड करणार नाही. सेन्सरवाल्या गाड्या आहेत, गावातल्या मिस्त्रीकडे त्यांचं स्कॅनर नसतं.

टेस्ट राइड दुपारी तीनला मागा, सकाळी नको. वहिनींना मागे बसवूनच न्या, आणि साडीगार्ड व मागची पकड त्यांना हाताळू द्या. शोरूमवाला मान्य करत असेल तर अंधार पडल्यावर हेडलाइटही बघा, रस्त्याच्या कडेची माती दिसते का ते.

रविवारसाठी पहिली फेरी लोणारची करा. कारंजा, मालेगाव, मेहकर असा जुना रस्ता आहे. कारंज्याजवळ समृद्धीवर चढावंसं वाटेल, पण तिथे दुचाकीला बंदी आहे. चिखलदरा मात्र पावसाळा थोडा ओसरल्यावर. घाट ओला आणि धुक्याचा असतो, आणि परतवाड्याच्या पुढे पेट्रोल मिळेलच ह्या भरवशावर जाऊ नका, टाकी खालीच फुल करून घ्या.