उमेदवारीचे तास वहीत कसे लिहायचे?

तुम्ही विचारलंय की आयटीआयला वीजतंत्री करून एका कारखान्यात वर्षभराच्या उमेदवारीला लागलोय, कामाचे तास नोंदवायचे कसे, आणि सुपरवायझर सहीला टाळाटाळ करतात तर काय करायचं.

पहिली गोष्ट, त्याच दिवशी लिहा. मी नाशिकजवळ उमेदवारी केली तेव्हा ‘रविवारी बसून आठवडा काढू’ म्हणत राहिलो आणि सह्याही तुंबल्या. चौथ्या महिन्यात आमचे साहेब नोकरी सोडून गेले. नवे आले ते म्हणाले, “जे मी पाहिलं नाही त्यावर सही कशी करू?” त्यांचं बरोबरच होतं. ब्रेकडाऊन रजिस्टर आणि गेटवरच्या नोंदी चाळून बरंचसं जुळवलं, पण १९ दिवसांचं काम कुठेच सापडलं नाही. ते दिवस मी घाम गाळला होता, म्हणून अजून लागतं.

त्यानंतर साधी दोनशेपानी वही केली. पहिल्या पानावर उमेदवारीच्या कराराचा नोंदणी क्रमांक. रोज तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणतं मशीन, काय केलं, कोणाबरोबर. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: पाहिलं, मदत केली की स्वतः केलं. ‘मोटरचं काम, ३ तास’ एवढ्याने काही कळत नाही. माझी एक नोंद अशी होती: “९.३० ते १२.१५, कॉम्प्रेसर २, १५ एचपी, स्टार-डेल्टा. ओव्हरलोड वारंवार ट्रिप. टाँग टेस्टरने तिन्ही फेजचा करंट पाहिला, एकात कमी. सप्लाय बंद करून मेगर घेतला, ठीक. स्टार्टरमध्ये एक लग सैल होऊन काळा पडलेला. नवा लग क्रिंप केला. स्वतः केलं, परमिट साहेबांनी काढलं.” (टाँग टेस्टर म्हणजे वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र, मेगर म्हणजे इन्सुलेशनची तपासणी, लग म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक, परमिट म्हणजे काम सुरू करायची लेखी परवानगी.) पुढे मुलाखतीत नेमकं असंच काहीतरी विचारतात, तेव्हा ही वही उपयोगी पडते.

जेवणाची सुट्टी वजा करा. थिअरीच्या वर्गाचे तास वेगळे ठेवा. सामानाची वाट बघत बसलात तर तेही खरं लिहा, कामात घुसडू नका. वेळ संपल्यावर थांबवून घेतलं तर तीही वेळ टाका; शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे शिकाऊ उमेदवारी सल्लागारांच्या (हे सरकारने नेमलेले अधिकारी) परवानगीशिवाय उमेदवाराला ओव्हरटाइम लावता येत नाही.

महिनाअखेरीला कामाच्या प्रकारानुसार बेरीज मारा: वायरिंग, मोटर-स्टार्टर, पॅनेल, अर्थिंग, सबस्टेशन. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि याचाच सगळ्यात जास्त फायदा झाला. एका महिन्याच्या बेरजेत केबल ओढणं आणि ट्यूब बदलणं ११० तासांच्या वर, पॅनेल फक्त ४. तक्रार न करता ते पान साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि पुढच्या सोमवारपासून मला पॅनेलवर घेतलं. ‘मला शिकवत नाहीत’ असं नुसतं तोंडी म्हटलं असतं तर ते कोणी मनावर घेतलं नसतं.

सहीचं म्हणाल, तर महिन्याचा गठ्ठा घेऊन जाऊ नका. दमलेला माणूस तीस पानं बघून ‘ठेव, नंतर बघतो’च म्हणणार. शनिवारी शिफ्ट सुटायच्या आधी एकच आठवडा पुढे करा, दोन मिनिटांत होतं. तरी देत नसतील तर ट्रेनिंग बघणाऱ्या अधिकाऱ्यांना लेखी कळवा. उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवणं कलम १९ प्रमाणे मालकाचीच जबाबदारी आहे, तुम्ही कोणाकडे उपकार मागत नाही आहात. आत सुटलं नाही तर शिकाऊ उमेदवारी सल्लागारांकडे दाद मागता येते.

सही झालेल्या पानाचा त्याच संध्याकाळी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. फक्त पानाचा; आतल्या पॅनेलचे फोटो काढायला बऱ्याच कारखान्यांत मनाई असते.