कपाट भरलं, तरी पोरांना घालायला काही नाही!

वाचकांचे प्रश्न आणि काकूंची उत्तरं

प्रश्न : नमस्कार काकू, मी नागपुरात मनीषनगरला राहते. मुलगी पाच वर्षांची आहे, मुलगा दोन वर्षांचा. परवा दोघांचं कपाट रिकामं केलं तर नुसते मुलीचे फ्रॉकच ३१ निघाले, त्यातले सात-आठ तर लेबलासकट, आणि आता ते तिला होतही नाहीत. एवढं असून रोज सकाळी घालायला काही सापडत नाही. नवरा म्हणतो आता कपडे घेणं बंद, सासूबाई म्हणतात पोरांची हौस आत्ता नाही करायची तर केव्हा, आणि मी मधात लटकून राहिली आहे. लहान मुलांना खरंच किती कपडे लागतात हो? काही हिशोब आहे का याचा?
– एक आई

उत्तर : ताई, हिशोब आहे ना, आणि तो तुमच्या गच्चीवरच्या दोरीवरून लागतो. मूल दिवसाला किती जोड खराब करतं, घरात मशीन किती दिवसांनी लागते आणि धुतलेला कपडा वाळून परत कपाटात यायला किती वेळ लागतो, एवढं तीन पाहायचं. वाढदिवस किती, मावश्या किती, सेल कुठे लागला, हे त्या हिशोबात येतच नाही.

आता आपल्या नागपुरात गंमत अशी की हा हिशोब मे महिन्यात वेगळा येतो आणि जुलैत वेगळा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की फ्रॉक दोरीवर टाकून खाली यायचं, चहा प्यायचा, वर जाऊन काढून आणायचा, कडक वाळलेला असतो. तेव्हा चार जोडांवरही महिना निघतो. पण एकदा झडी लागली की तोच फ्रॉक दोन दोन दिवस पंख्याखाली लटकतो आणि तरी शिलाईत ओला राहतो, वर तो कुबट वास. म्हणून मी म्हणते मोजायचं ते झडीच्या दिवसांचं, बाकीचं वर्ष त्यात आरामात बसतं.

तुमच्या मुलाचं पाहू. दोन वर्षांचं पोर म्हणजे सकाळी आंघोळीनंतर एक, वरणभात अंगावर सांडल्यावर दुसरा, संध्याकाळी खाली खेळून आल्यावर तिसरा. मशीन एक दिवसाआड लावत असाल तर झाले सहा, आणि पावसात वाळायला आणखी दोन दिवस धरले तर आणखी सहा. बारा जोड. बस. यात बाहेर जायचे दोन-तीन पण आले, वेगळे धरू नका. मुलीला शाळेतून आल्यावरचा एक आणि रात्रीचा एक, आणि रात्रीचा तर खुशाल दोन रात्री चालतो, तेव्हा तिला आठ पुष्कळ झाले. हो, चड्ड्यांमध्ये मात्र कंजूसी करू नका, मुलाचं डायपर सोडवणं सुरू असेल तर पंधरा-वीस चड्ड्या पण कमी पडतात, तिथे जितक्या असतील तितकं तुमचं डोकं शांत.

शाळेचा गणवेश वेगळा. सरकारी शाळांतल्या मुलांना समग्र शिक्षा योजनेत वर्षाला गणवेशाचे दोन जोड मिळतात, आणि ती पोरं दोन जोडांवरच वर्ष काढतात ना. तुम्ही फार तर तिसरा घ्या, तोही पावसासाठी. आणि कृपा करून एप्रिलमध्ये घेऊन ठेवू नका. आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटाकडे उघडतात, तोवर पोरगी मामाकडे आमरस खाऊन अर्धा नंबर वाढून येते.

वाढीचं पण एक सांगते कारण पैसे खरे तिथे वाया जातात. बाळ पहिल्या वर्षात साधारण २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षात दहा-बारा, आणि पुढे चार-पाच वर्षांचं झालं की वर्षाला सहा-सात. म्हणजे तान्ह्या बाळाचा कपडा दोन-तीन महिन्यांचा पाहुणा, आणि आपण सगळ्यात जास्त हौस करतो ती नेमकी तेव्हाच! बाळंतविड्यात आलेली झबली-टोपरी अर्धी तर घडी न मोडता लहान होतात. पाच वर्षांच्या मुलीचा फ्रॉक मात्र चांगला असला तर वर्ष-दीड वर्ष जातो, त्यामुळे चार पैसे जास्त घालायचेच असतील तर तिच्या कपड्यांवर घाला. वाढत्या अंगाचे घ्यायचे म्हणजे एक नंबर मोठा, दोन नाही, दोन नंबर मोठी पँट घातलेलं पोर जिन्यात पडतं. शिवून घेत असाल तर टेलरला खाली आत कापड सोडायला सांगा, पुढच्या वर्षी टीप उसवली की झालं.

थंडीचं फार मनावर घेऊ नका. आपली थंडी म्हणजे हिवाळी अधिवेशनाला आलेल्या मुंबईकरांना दाखवण्यापुरती. पहाटे कुडकुडतो आणि दुपारी तेच स्वेटर कमरेला बांधून फिरतो. एक पुढून उघडणारं, एक टोपीवालं, दोन मोजे, पुरे. तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागली की सगळेच तिथे जातो, मी पण जाते, पण मागच्या वर्षीचं घालून बघितल्याशिवाय जाऊ नका, बाह्या नुसत्या मनगटाच्या वर आल्या असतील तर अजून एक हिवाळा निघतो त्यात.

सणाचा एक चांगला, तो पण दिवाळीत घेतलेला वर्षभर लग्नमुंजीत चालवायचा. तान्ह्या पोळ्याला (पोरं लाकडी बैल फिरवतात तो) धोतर-सदरा पाहिजे असतो, बोरन्हाणाला काळं झबलं, शाळेत फॅन्सी ड्रेस, हे सगळं एका दिवसाचं काम. शेजारून मागा, भाड्याने आणा. ज्या पोराने मागच्या वर्षी तुमच्याच गल्लीत लाकडी नंदी फिरवला त्याचं धोतर कुठेतरी पडलेलं असणारच.

आता तुमचा खरा प्रश्न, एवढे असून सापडत का नाहीत. ताई, ते ३१ फ्रॉक पलंगावर टाका आणि त्यातले मुलगी स्वतःहून कोणते घालते ते बघा. सात-आठ निघतील. बाकीचे का नाही घालत? आतून हात फिरवून बघा. तो वाढदिवसाचा जाळीचा फ्रॉक घ्या, वरून परी, आणि आत कमरेजवळ जाळीची कच्ची शिलाई, तिच्यावर अस्तर सरकलेलं, वर चमकीचे टाके. पोरगी घातल्या घातल्या कंबर खाजवते आणि आपण म्हणतो नखरे करून राहिली. कापसाच्या मुलखात राहतो आपण, इथे १८७७ साली एम्प्रेस ही कापडाची मिल सुरू झाली (आता त्या जागेवर मॉल आहे, चालायचंच), आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या भर उन्हाच्या नऊ दिवसांत, पोरांना घालतो काय तर पॉलिस्टर! टोचणारे, घट्ट, काखेत काचणारे बाहेर काढा, म्हणजे घालायचे आपोआप वर येतील. लहान झालेले पण चांगले असतील ते धाकट्यासाठी, टीशर्ट-पायजम्याला मुलगा-मुलगी काय. मात्र पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचे पुतळे गावाबाहेर नेताना ओरडतात तसं ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून सगळं एकाच दिवशी घराबाहेर लोटू नका, सासूबाईंनी आणलेलं तर त्यांना विचारल्याशिवाय मुळीच नाही.

सासूबाईंचं म्हणाल तर हौस बंद करायला सांगून काही होत नाही, हौसेला दुसरी वाट द्या. त्यांना आधीच सांगून ठेवा, आई, यंदा तिला रेनकोट तुमच्याकडून, किंवा चप्पल, किंवा पुढच्या नंबरचे दोन सुती फ्रॉक. नंबर लिहूनच द्या. बर्डीच्या बाजारात गेल्या की हात रिकामा येत नाही त्यांचा, तर निदान कामाचं येईल. आहेरात आलेले मोठ्या नंबरचे असतील तर पिशवीवर नंबर लिहून ठेवा, आणि पिशवी डोळ्यासमोर ठेवा, लोफ्टवर टाकलीत की ती पोरीच्या लग्नातच निघेल.

प्रश्न : माझी सून नातवाला तिच्या बहिणीच्या मुलाचे उतरलेले कपडे घालते. आमच्याकडे देवाच्या दयेने काही कमी नाही. नागपूरच्या महाल भागातली जुनी माणसं आम्ही, लोक काय म्हणतील? तिला सांगितलं तर हसते नुसती.
– एक आजी

उत्तर : आजी, रागावू नका, पण मी सुनेच्या बाजूने आहे. आपल्याच किती घरांत जन्मलेल्या बाळाला आधी जुनंच घालायची पद्धत आहे, पाचवी होईपर्यंत नवं अंगाला लावायचं नाही म्हणतात. त्यात शहाणपण आहे हो. दहा वेळा धुतलेला सुती कपडा लोण्यासारखा मऊ होतो, नव्याला खळ असते, रंग कच्चा असतो, म्हणून नवा सुद्धा धुऊनच घालावा लागतो. आणि घरची गरिबी लोकांना कपड्यावरून दिसते म्हणता, तर दोन वर्षांच्या पोराच्या अंगावर चिखल सोडून लोकांना दिसतं तरी काय?

बघायचंच असेल तर दुसरं बघा. मांडीचं इलास्टिक सैल झालंय का, बटण निघायला आलंय का (ते पोराच्या तोंडात जातं), आणि गळ्याशी नाडी असेल तर ती सरळ ओढून काढून टाका, झोक्यात-घसरगुंडीवर अडकली की फास बसतो. ते काम तुमच्या हातचं आहे, आजकालच्या पोरींना साधं काजं करता येत नाही. आणि हौस राहिलीच असेल तर तुमची एखादी मऊ झालेली सुती साडी काढा आणि नातवाला वाकळ शिवा, ती त्याच्या मावसभावाकडून येणार नाही.

प्रश्न : काकू, पोरगं जेवलं की टीशर्ट वाया. वरण, सावजीचा रस्सा, काही ना काही. डाग जात नाही म्हणून दर महिन्याला दोन-तीन नवीन घेऊन राहिलो. काय करावं?
– एक बाबा

उत्तर : भाऊ, आधी त्याला जेवताना नुसत्या बनियनवर बसवा, मे महिन्यात तर उघडंच बसवा. झालेल्या डागाचं असं की हळदीला साबण लागला की डाग लालभडक होतो आणि माणूस घाबरून कपडा पोछ्यात टाकतो. लाल झाला म्हणजे बिघडला नाही, साबणाच्या खारामुळे हळद रंग बदलते एवढंच. रश्श्याचं तेल आधी भांड्याच्या साबणाने काढा, मग धुवा, आणि पिवळं राहिलं असेल तसंच कडक उन्हात पसरा, डागाची बाजू वर. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, एक-दोन उन्हांत उडतो. झडीत हे जमत नाही, तेव्हा डागाचा टीशर्ट घरी चालवायचा आणि ऊन पडायची वाट पाहायची. आमरसाचे, संत्र्याचे डाग मात्र वाळू देऊ नका, लगेच थंड पाण्यात.

आणि रस्सा एवढ्या लहान पोराला? तिखट कमी घालता असं धरून चालते.

प्रश्न : माझी चार वर्षांची मुलगी रोज एकच पिवळा फ्रॉक मागते. बाकी कपाटाकडे बघत नाही, दुसरा दाखवला की भोकाड. कशी सवय मोडू?
– धरमपेठेतली एक आई

उत्तर : मोडू नका. तसाच अजून एक मिळाला तर आणा, नाही तर रात्री धुवा आणि सकाळी घाला. पुढच्या नंबरचा मिळत असेल तर तो पण आत्ताच घेऊन ठेवा, कारण हा लहान होईल त्या दिवशी घरात काय होणार आहे ते तुम्हाला माहीत आहे.