एकाच वयाच्या, एकाच उंचीच्या दोघांचा चालण्या-पळण्याचा वेग इतका वेगळा का? माझा वेग कोणता, हे कसं ठरवू?

तुम्ही लिहिलंय की तुमचा मित्र तुमच्याच वयाचा, उंचीलाही तेवढाच. तो ताशी १० किमीने गप्पा मारत पळतो आणि तुम्हाला ताशी ८ लाच धाप लागते. चालतानाही तो सतत दहा पावलं पुढे असतो. हे असं का, तुमच्यासाठी बरोबर वेग कोणता, आणि दोघांना एकत्र जायचं असेल तर काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. आधी पळण्याचं बघू, कारण फरक तिथेच सगळ्यात मोठा असतो.

सपाटीवर पळायला किती ऑक्सिजन लागतो याचं एक ढोबळ सूत्र आहे. वेग मिनिटाला किती मीटर तो काढा, ०.२ ने गुणा आणि ३.५ मिळवा. उत्तर येतं ते शरीराच्या दर किलोमागे, दर मिनिटाला लागणाऱ्या ऑक्सिजनचं, मिलिलिटरमध्ये. ताशी ८ किमीला ते साधारण ३० येतं, १० ला ३७ आणि १२ ला ४३-४४. हा झाला खर्च, आणि तो तुम्हा दोघांना जवळपास सारखाच पडतो. वेगळी असते ती कमाई, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ती मर्यादा. तिलाच व्हीओटू मॅक्स म्हणतात. बैठं काम करणाऱ्या प्रौढ माणसाची ही मर्यादा बहुधा ३० ते ४० च्या दरम्यान असते, वर्षानुवर्षं पळणाऱ्याची ५० ते ६०, आणि जागतिक दर्जाच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंची ७० ते ८५.

समजा तुमची मर्यादा ३८ आहे आणि मित्राची ५५. मग ताशी १० किमी म्हणजे तुमच्यासाठी ९७ टक्के. एवढ्या ताणावर माणूस काही मिनिटंच टिकतो. मित्रासाठी तोच वेग ६७ टक्के, म्हणून त्याला गप्पा सुचतात. आणि तुमचं ताशी ८? ते ७९ टक्क्यांवर जातं. म्हणजे तुम्ही त्याच्यापेक्षा हळू पळताना त्याच्यापेक्षा जास्त कष्ट करत असता. घड्याळावरचा वेग बघून कोण किती मेहनत घेतोय हे कळत नाही, ते यामुळेच.

ही मर्यादा ठरते मुख्यतः हृदय एका ठोक्यात किती रक्त ढकलतं, त्या रक्तात हिमोग्लोबिन किती आहे आणि स्नायू त्यातला किती ऑक्सिजन उचलतात यावर. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. सरावाने काही महिन्यांत मर्यादा वाढते, पण सारख्याच सरावाने कुणाची भरभर वाढते, कुणाची जेमतेम. स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन सरासरीने कमी आणि चरबीचं प्रमाण जास्त असल्यामुळे ही मर्यादा सरासरीने खाली असते. बहुतेक शर्यतींत स्त्री-पुरुषांच्या जागतिक विक्रमांत दहा टक्क्यांच्या आसपास फरक दिसतो, त्याचं हे एक मोठं कारण. वयाची तिशी ओलांडली की मर्यादा हळूहळू उतरते. नियमित पळणाऱ्यांची कमी वेगाने उतरते, इतकंच.

दुसरी गोष्ट काटकसरीची. सूत्रातला खर्च सरासरी आहे. प्रत्यक्षात एकाच वेगाला एकजण थोडा कमी ऑक्सिजन जाळतो, दुसरा थोडा जास्त. टाचेच्या वरची जाड शीर म्हणजे अकिलीस टेंडन स्प्रिंगसारखी ताणली जाते आणि पाऊल उचलताना ती ऊर्जा परत देते. ज्याची ही स्प्रिंग ताठ आणि पोटऱ्या बारीक, त्याला पळणं स्वस्त पडतं. पायाच्या टोकाला लावलेलं वजन सर्वांत महाग, कारण ते प्रत्येक पावलाला पुढे-मागे झुलवावं लागतं. प्रत्येक बुटाचं वजन १०० ग्रॅमने वाढलं की खर्च साधारण एक टक्का वाढतो. पोटावरची चरबीही प्रत्येक पावलाला उचलावीच लागते, पण ती निदान झुलवावी लागत नाही.

आता उंचीचं. लोकांना वाटतं लांब पाय म्हणजे वेगवान माणूस. चालण्यापुरतं हे बरंचसं खरं आहे, पळण्यात फारसं नाही.

चालताना टेकलेला पाय उलट्या लोलकासारखा काम करतो: तळवा जागेवर, आणि कंबर त्याच्यावरून कमानीत पुढे जाते. या कमानीला पायाच्या लांबीनुसार वेगाची हद्द असते. सेकंदाला किती मीटर या वेगाचा वर्ग करा आणि ९.८ (हा गुरुत्वाकर्षणाचा आकडा) गुणिले पायाची मीटरमधली लांबी याने भागा. उत्तर ०.५ च्या आसपास आलं की बहुतेक माणसं आपोआप चालणं सोडून पळू लागतात. पायाची लांबी (खुब्यापासून जमिनीपर्यंत) ९० सेंटिमीटर असेल तर हा क्षण ताशी साडेसात किमीला येतो, ८० सेंटिमीटरला सात किंवा किंचित वर, आणि ५० सेंटिमीटर पाय असलेल्या लहान मुलाला साडेपाचलाच. मोठ्यांचा हात धरलेलं मूल दुडूदुडू पळत असतं ते उत्साहाने नव्हे. मोठ्यांचं झपाझप चालणं हे त्याच्यासाठी चालणं उरलेलंच नसतं.

रमतगमत चालण्याचा वेगही असाच मनाने ठरत नाही. फार हळू चाललात तरी दर किलोमीटरचा खर्च वाढतो, फार भरभर चाललात तरी वाढतो. मधे ताशी साडेचार-पाचच्या आसपास तो सर्वांत कमी असतो, आणि शरीर तिथेच जाऊन बसतं. लांब पायांच्या माणसाचा हा बिंदू थोडा पुढे सरकलेला असतो. उंची सारखी असली तरी पाय आणि धड यांचं प्रमाण वेगळं असू शकतं. तुम्ही आणि मित्र शेजारी उभे राहून खुब्याची उंची मोजून बघा, दहा पावलांचं रहस्य कदाचित तिथेच सुटेल. (चालण्याच्या शर्यतीत पुरुषांचा २० किमीचा जागतिक विक्रम साधारण १ तास १६ मिनिटांचा आहे, म्हणजे ताशी १५ किमीहून जास्त! कंबर फिरवून हे स्पर्धक लोलकाची हद्द ओलांडतात. त्यासाठी वर्षं जातात आणि परीक्षक गुडघ्याकडे डोळे लावून बसलेले असतात. नक्कल करायला जाऊ नका.)

पळताना प्रत्येक पावलागणिक क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात, त्यामुळे लोलकाचा हिशोब संपतो. वेग म्हणजे एका पावलात कापलेलं अंतर गुणिले मिनिटातली पावलं. २००९ मध्ये बर्लिनला उसेन बोल्टने १०० मीटर ९.५८ सेकंदांत ४१ पावलांत संपवले. म्हणजे सरासरी पाऊल २.४४ मीटर. १९५ सेंटिमीटर उंची कामी आली हे खरं, पण ते अंतर पाय फाकवून येत नाही. पूर्ण वेगात पळताना पाय मागून पुढे आणायला लागणारा वेळ वेगवान आणि मंद माणसांत आश्चर्य वाटेल इतका सारखा असतो. फरक पडतो तो जमिनीला टेकलेल्या त्या निमिषभरात किती जोर लावला यात. जोर जास्त लागला की माणूस पुढे फेकला जातो आणि पाऊल लांब होतं.

म्हणून मित्राला गाठण्यासाठी मुद्दाम लांब ढांगा टाकायला गेलात तर उलटंच होतं. टाच गुडघ्याच्या बरीच पुढे पडते, प्रत्येक पाऊल ब्रेकसारखं लागतं, आणि काही आठवड्यांत नडगी किंवा गुडघा कुरकुरू लागतो. उपाय पावलांची संख्या वाढवण्यात आहे. ३० सेकंद फक्त उजवी पावलं मोजा आणि चारने गुणा. १५५ आली तर १६२-१६३ करून बघा, म्हणजे पाच टक्के. वेग तोच ठेवायचा, पावलं आखूड करायची. एकदम १८० करू नका. तो आकडा मुळात अव्वल धावपटूंची शर्यतीतली पावलं मोजून प्रसिद्ध झाला. ताशी ८ ने पळणाऱ्याला तो लागू नाही, आणि ओढूनताणून केला तर नुसती दमछाक होते.

तुमचा वेग काढायचा तर आधी मर्यादेचा अंदाज हवा. सपाट ट्रॅकवर १२ मिनिटांत जमेल तेवढं अंतर पळा-चाला. मीटरमधून ५०५ वजा करा, ४५ ने भागा. २२०० मीटर झाले तर उत्तर ३८ च्या जवळ येतं. यात बहुतेकजण एकच चूक करतात: पहिली दोन मिनिटं सुसाट, मग फरफट. पहिला फेरा सर्वांत हळू असू द्या. छातीत दुखणं, चक्कर, रक्तदाब असलं काही असेल किंवा बरीच वर्षं व्यायाम नसेल, तर ही चाचणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

रोजचं सोपं पळणं मर्यादेच्या ६० ते ७५ टक्क्यांत असावं. आता ३८ वाल्याचा हिशोब करा: सूत्र उलटं फिरवलं की ताशी ५.८ ते ७.५ किमी येतं. आणि वर पाहिलंत की चालणं सोडून पळणं सुरू होतं तेच मुळी सात-साडेसातच्या आसपास. म्हणजे या माणसासाठी 'सोपं पळणं' नावाची जागाच जवळजवळ शिल्लक नाही. पळायला लागला की तो सोप्याच्या बाहेर जातो. नवशिक्यांना 'हळू पळ' हा सल्ला निरुपयोगी वाटतो तो यामुळे, त्यांच्या आळसामुळे नव्हे. इलाज साधा आहे: एक-दोन मिनिटं ताशी साडेसात-आठने पळायचं, मग तेवढाच वेळ भरभर चालायचं, असं पंचवीस-तीस मिनिटं, आठवड्यात तीन-चार दिवस. मर्यादा वर सरकली की पळण्याचे तुकडे लांबवा. मध्ये पूर्ण वाक्य बोलता येतंय ना, ही कसोटी. तीन-चार शब्दांवर श्वास तुटला की वेग जास्त आहे. नाडीच्या आकड्यांवर फार विसंबू नका. २२० वजा वय हे सूत्र एखाद्या माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं, आणि उकाड्यात तर वेग तोच ठेवूनही ठोके चढत जातात.

चढावर वेग विसराच. ताशी ५ ने चालताना नुसता ५ टक्के चढ आला की ऑक्सिजनचा खर्च साधारण ६० टक्क्यांनी वाढतो.

तुलना करण्याआधी दोघांची मोजमापं तरी सारखी आहेत का बघा. ४०० मीटरच्या ट्रॅकवर ४०० मीटर फक्त सर्वांत आतल्या लेनमध्ये असतात. दुसऱ्या लेनमध्ये एक फेरा ४०७ चा होतो, आठव्यात ४५० च्या वर जातो. ट्रेडमिल तपासायचा असेल तर पट्ट्याची पूर्ण लांबी मोजा, त्यावर रंगीत टेप लावा आणि कुणीतरी वर पळत असताना दुसऱ्याने २० फेरे मोजा, कारण वजन पडलं की काही पट्टे मंदावतात. पट्टा ३ मीटरचा असेल तर २० फेरे म्हणजे ६० मीटर. त्याला २७ सेकंद लागली तर वेग ताशी ८, पण ३० लागली तर पडद्यावर काहीही असो, खरा वेग ७.२ आहे. पेसच्या, म्हणजे एका किलोमीटरला लागणाऱ्या मिनिटांच्या, गणितातही गोंधळ होतो. किलोमीटरला साडेपाच मिनिटं म्हणजे ६० भागिले ५.५, ताशी १०.९. घड्याळावर ५:३० दिसतं म्हणून ५.३ ने भागलं तर उत्तर ११.३ येतं. आणि जाताना ताशी ६, येताना ताशी ४ असं चाललात तर सरासरी ५ नाही, ४.८ येते, कारण हळू चालण्यात वेळ जास्त गेलेला असतो.

वय झालेल्यांच्या बाबतीत मात्र चालण्याचा वेग हा नुसता स्वभाव समजू नये. चार मीटर सरळ चालायला पाच सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील, किंवा काही महिन्यांत चाल एकदम मंदावली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. स्नायू झिजणं, हृदय, मेंदू, सांधे यांतलं काहीही कारण असू शकतं. तरुण माणसाचा दम अचानक कमी झाला तर आधी हिमोग्लोबिन तपासा.

आता दोघांनी एकत्र जाण्याचं. रोज त्याच्या वेगाने जाऊ नका. त्याचा सोपा दिवस हा तुमच्यासाठी दर वेळी शर्यतीचा दिवस ठरतो आणि महिनाभरात तुम्ही कंटाळून सोडाल. आठवड्यातून एखादा दिवस तो तुमच्या पळ-चालीत आला तर त्याचीही विश्रांती होते. बाकीच्या दिवशी अंतर न ठरवता वेळ ठरवा. एकाच ठिकाणाहून एकाच सरळ रस्त्याने निघा, प्रत्येकाने आपापल्या वेगाने जायचं, आणि १५ व्या मिनिटाला जिथे असाल तिथून माघारी वळायचं. तो पुढे लांब गेलेला असेल, पण वेग कायम ठेवला तर दोघेही तिसाव्या मिनिटाच्या आसपास निघालेल्या जागी परत भेटता. रस्ता सपाट असून तुम्हाला परतायला १५ ऐवजी १८ मिनिटं लागली, तर जाताना तुम्ही त्याच्या मागे धावलात. पुढच्या वेळी पहिली पाच मिनिटं चालूनच काढा.