कोरियन शेगडीभोवती सहा मित्र

प्रश्न : आम्ही शाळेपासूनचे सहा मित्र गेल्या महिन्यात शहरातल्या एका कोरियन बार्बेक्यू रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेलो. टेबलाच्या मधोमध शेगडी होती आणि मांस आम्हीच भाजायचे होते. मुरवलेले चिकन बाहेरून करपले आणि आतून कच्चे राहिले. दोन शाकाहारी मित्रांनी भात आणि किमचीवर भागवले. तांबड्या रश्श्याची सवय असलेल्या आम्हा सर्वांनाच ते जेवण गोडसर वाटले. तरीही पुन्हा जावेसे वाटते. या वेळी काय सांभाळावे?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी तुमच्या शाकाहारी मित्रांविषयी लिहितो, कारण मला त्यांचीच अधिक काळजी वाटते. किमची ही कोबीची असली तरी ती शाकाहारी असतेच असे नाही. पारंपरिक पद्धतीत ती मुरवताना खारवलेली कोळंबी किंवा माशांपासून केलेला खारट रस घालतात. म्हणून पुढच्या वेळी ‘किमचीत मासे आहेत का’ असे स्पष्ट विचारा. मशरूम, टोफू, रताळे, कांदा आणि लसणाच्या पाकळ्या शेगडीवर उत्तम भाजल्या जातात, पण त्या मांसाआधी, स्वच्छ जाळीवर भाजायला हव्यात. सहाजण असाल तर दोन शेगड्यांची टेबले शेजारी मागून घेणे आणि त्यांतली एक केवळ शाकाहारी ठेवणे हे अधिक चांगले.

आता करपण्याविषयी. बुलगोगीसारखे मांस सोया सॉस, साखर, लसूण, तिळाचे तेल आणि बहुधा नाशपतीचा रस यांत मुरवलेले असते, आणि साखर मोठ्या आचेवर मांस शिजण्याआधीच जळते. त्यामुळे न मुरवलेले मांस आधी आणि मुरवलेले नंतर, मध्यम आचेवर, असा क्रम ठेवावा. जाळी काळी पडली की बदलून मागावी. कोरियात ही नेहमीची गोष्ट आहे, मागताना संकोच नको. चिकनचे मोठे तुकडे अर्धवट भाजल्यावर कात्रीने कापून पुन्हा पसरावेत, म्हणजे आतला भाग पूर्ण शिजतो. कच्च्या मांसाचा चिमटा आणि शिजलेल्याचा चिमटा वेगळा हवा, आणि दोन्ही चिमटे एकाच्याच हाती असावेत. सहाजणांनी उलथापालथ केली की कोणता तुकडा कधी टाकला हे कोणालाच कळत नाही.

मूळ कोरियन बुलगोगी आणि गाल्बी (म्हणजे बरगडीचे मांस) ही मुख्यतः गोमांसाची. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी असल्याने इथे या नावाखाली चिकन, डुकराचे मांस किंवा म्हशीचे मांस वाढले जाऊ शकते. तुमच्यापैकी कोणी काही वर्ज्य मानत असेल तर ऑर्डर देण्यापूर्वीच विचारावे.

गोडसर चवीचे म्हणाल, तर तो दोष मानू नका. गोचुजांग ही मिरची, तांदूळ आणि सोयाबीन आंबवून केलेली चटणी आहे, तिच्यात तिखटाबरोबर गोडवा असतोच, आणि कांदा-लसूण मसाल्याच्या कसोटीला ती लावणे अन्यायाचे ठरेल. शिवाय नुसते मांस खाल्ले तर हे जेवण अपुरेच लागते. तळहातावर लेट्यूसचे पान घ्यावे, त्यावर मांसाचा तुकडा, भाजलेली लसणाची पाकळी, हिरव्या मिरचीची चकती आणि थोडे सामजांग (पानात घालायची आंबवलेल्या सोयाबीनची दाट चटणी) ठेवून घडी घालावी, आणि ती एकाच घासात खावी. अर्धी तोडली तर सारे सांडते आणि चव विस्कटते. कच्ची मिरची आणि लसूण हवे तितके घेता येत असल्याने कोल्हापूरकरांची जीभ इथेच समाधान पावेल, असे मला मनापासून वाटते.

सोबत येणाऱ्या छोट्या वाट्यांना बान्चान म्हणतात. आपल्या खानावळीत रस्सा पुन्हा वाढतात, तशा त्या कोरियात विनामूल्य पुन्हा भरून देतात. इथे मात्र आधी विचारून घ्यावे.

आणखी एक. सुरुवातीलाच भरपूर भात मागवू नका. मांस संपल्यावर थंड नूडल्स, किंवा भात आणि देनजांग नावाच्या आंबवलेल्या सोयाबीनच्या रश्श्याने जेवण पुरे करण्याची तिकडे रीत आहे. त्या रश्श्याचे पाणीही पुष्कळदा सुक्या मासळीत उकळलेले असते, म्हणून शाकाहारी मित्रांच्या वाटीत ओतण्याआधी एकदा स्वयंपाकघरात चौकशी करून घ्या.