व्हिडिओ एडिटर काढून टाकला तरी डिस्क भरलेलीच का? विंडोज, मॅक आणि लिनक्सवर काय टाकावं आणि कसं काढावं?

तुमची अडचण मला अशी समजली: घरी ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप, भावाचं मॅकबुक, कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू. रंगपंचमीला नाशिकच्या तिवंध्याच्या रहाडीवर (रहाड म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेला जुना हौद, त्यात लोक उड्या मारतात) फोनने केलेलं शूटिंग एडिट करायचंय. दोन-तीन फुकटचे एडिटर टाकले, आवडले नाहीत म्हणून काढले, आणि आता डिस्क भरल्याचा लाल पट्टा काही जात नाही. मी नाशिकमध्येच लग्नं, मिरवणुका, शाळांची गॅदरिंगं एडिट करतो. ही तक्रार घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी डिस्कचं बघू. अनइन्स्टॉल केलं की फक्त प्रोग्रॅम जातो. त्याने काम करताना बनवलेल्या फाइली तशाच राहतात, आणि खरी जागा त्याच खातात. फोनचं फोर-के फुटेज साध्या लॅपटॉपवर अडखळतं, म्हणून प्रॉक्सीची सोय चालू असेल तर एडिटर प्रत्येक क्लिपची हलकी प्रत बनवतो. या प्रतीलाच प्रॉक्सी म्हणतात. शिवाय टाइमलाइन नीट चालावी म्हणून प्रिव्ह्यूचे तुकडे, आवाजाचे आलेख, थंबनेल. तासभराच्या फुटेजवर हे सगळं मिळून काही जीबी सहज होतं. प्रोग्रॅम काढताना या फाइलींना हात लागत नाही आणि ते बरोबरच आहे, कारण तुम्ही नवीन व्हर्जन टाकायला जुनं काढलंत की कायमचं सोडलंत, हे इन्स्टॉलरला कसं कळणार?

विंडोजवर फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूतून हिडन आयटम्स चालू करा. सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमच्या नावाचं फोल्डर, त्यात ॲपडेटा, त्यात लोकल. शॉटकट, केडेनलाइव्ह आणि ओपनशॉट हे नेहमीचे मोफत एडिटर. शॉटकट टाकला असेल तर तिथे मेल्टीटेक (Meltytech) नावाचं फोल्डर दिसेल. शॉटकट हे नाव शोधत बसलात तर ते पटकन सापडणार नाही, कारण ते मेल्टीटेकच्या आत आहे. केडेनलाइव्हचं फोल्डर त्याच नावाने असतं. ओपनशॉटचं थेट तुमच्या नावाच्या फोल्डरात, नावाच्या सुरुवातीला टिंब असलेलं. प्रोग्रॅम आधीच काढलेला असेल आणि परत वापरायचा नसेल तर ही फोल्डरं बिनधास्त उडवा. फक्त आत तुम्ही स्वतः सेव्ह केलेलं प्रोजेक्ट नाही ना, हे एकदा बघून घ्या. पुढच्या वेळी हे काम प्रोग्रॅम काढण्याआधीच करा: केडेनलाइव्हमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये कॅश डेटाचा (म्हणजे या तात्पुरत्या फाइलींचा) टॅब आहे, आणि शॉटकटच्या सेटिंग्ज मेनूतून ॲप डेटाचं फोल्डर थेट उघडता येतं.

दाविंची रिझॉल्व्ह या एडिटरची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी आहे, आणि इथे मी कळकळीने सांगतो, घाई करू नका. शॉटकट आणि केडेनलाइव्हचं प्रोजेक्ट म्हणजे तुम्ही सेव्ह केलेली एक साधी फाइल असते. प्रोग्रॅम राहो वा जावो, ती तुमच्या फोल्डरात असते. रिझॉल्व्ह आपली प्रोजेक्टं डेटाबेसमध्ये ठेवतं. डेस्कटॉपवर फाइल दिसत नाही म्हणजे काही उरलं नाही असं समजून लोक राहिलेली फोल्डरं साफ करतात आणि महिन्याभराचं काम जातं. रिझॉल्व्ह काढण्याआधी प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये प्रत्येक प्रोजेक्टवर राइट क्लिक करून एक्सपोर्ट करा. फुटेजसकट हवं असेल तर प्रोजेक्ट आर्काइव्ह करा. मग डिस्कवर कॅशक्लिप (CacheClip) नावाचं फोल्डर शोधा. जागा बहुतेक तिथेच अडकलेली असते, आणि ते उडवायला हरकत नाही. तसंही ८ जीबीच्या लॅपटॉपवर रिझॉल्व्हच्या वाटेला जाऊ नका. त्याला किमान १६ जीबी रॅम लागते. उबुंटूवर तर त्याची मोफत आवृत्ती फोनचं नेहमीचं एच २६४ फुटेजच उघडत नाही.

आता टाकायचं काय? तुमच्या तिन्ही मशीनवर एकच एडिटर ठेवा: शॉटकट. त्याच्या स्वतःच्याच सांगण्याप्रमाणे एचडी कामाला ८ जीबी रॅम पुरते. तो, केडेनलाइव्ह आणि ओपनशॉट हे तिन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. एक्सपोर्ट करताना आडवा वॉटरमार्क उमटवून पैसे मागणाऱ्या ‘मोफत’ एडिटरांतले हे नाहीत.

डाउनलोड मात्र त्याच्या मूळ साइटवरूनच, शॉटकट डॉट ऑर्ग. शोधल्यावर सगळ्यात वर जाहिरात म्हणून जे येतं त्यावर क्लिक करू नका. हुबेहूब दिसणाऱ्या साइट असतात आणि इन्स्टॉलरबरोबर भलतंच काहीतरी येतं. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये शॉटकटला पैसे लागतात. ते बनवणाऱ्यांनीच ठेवलंय, फसवणूक नाही. पण साइटवर तोच फुकट आहे. विंडोजने निळी खिडकी दाखवून अडवलं तर फाइल मूळ साइटची आहे याची खात्री करा आणि मगच मोअर इन्फो, रन एनीवे. वेगळा कोडेक पॅक (वेगवेगळ्या प्रकारचे व्हिडिओ वाचणाऱ्या कोडेकांचा गठ्ठा) अजिबात टाकू नका. लागणारे कोडेक एडिटरच्या आतच असतात. काढताना सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स. रजिस्ट्री साफ करून देणारी ‘क्लीनर’ सॉफ्टवेअरं नकोत, त्यांनी जागा मिळत नाही.

भावाच्या मॅकवर डाउनलोड झालेली डीएमजी फाइल उघडली की एक छोटी खिडकी येते, त्यात शॉटकटचं चिन्ह आणि शेजारी ॲप्लिकेशन्सचं फोल्डर. चिन्ह उचलून त्या फोल्डरवर सोडायचं, झालं. पुष्कळ जण त्या खिडकीतच डबल क्लिक करून काम सुरू करतात. मॅक रीस्टार्ट झाला की ॲप ‘गायब’, कारण ते कधी बसवलेलंच नव्हतं. मॅकने उघडायला नकार दिला तर पूर्वी राइट क्लिक करून ओपन म्हटलं की चालायचं. सिक्वोया आवृत्तीपासून ती वाट बंद झालीय. आता सिस्टीम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत खाली जाऊन ओपन एनीवे दाबावं लागतं. काढताना ॲप ट्रॅशमध्ये टाका. मग फाइंडरचा गो मेनू ऑप्शन बटण दाबून उघडा म्हणजे लायब्ररी दिसेल. त्यात ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये पुन्हा तेच मेल्टीटेक.

लॅबच्या उबुंटूवर तुमच्याकडे ॲडमिनचा पासवर्ड नसणार. तिथे ॲपइमेज सोयीची: एकच फाइल होम फोल्डरात ठेवायची, प्रॉपर्टीजमध्ये एक्झिक्युट करायची परवानगी द्यायची, डबल क्लिक. उघडली नाही तर ॲपइमेजला लागणारं लिबफ्यूज २ नसेल, ते लॅबच्या सरांकडून टाकून घ्या. काढायची म्हणजे फाइल डिलीट करायची. स्वतःच्या मशीनवर कधी फ्लॅटपॅक (लिनक्सवर ॲप टाकायची आणखी एक पद्धत) वापरलंत तर काढताना डिलीट डेटा हा पर्याय जोडा, नाहीतर सेटिंग आणि कॅश होममध्येच राहतात. उबुंटूच्या ॲप्टमधल्या, प्रोग्रॅम काढणाऱ्या पर्ज कमांडवरही विसंबू नका, ती होम फोल्डरला हात लावत नाही.

कुठलाही एडिटर बसवल्यावर मी पहिलं काम करतो ते टायटलमध्ये ‘त्र्यंबकेश्वर’ लिहून बघायचं. त्र्य आणि श्व नीट जोडून आले तर पुढे जायचं. सुटे पडले तर फॉन्ट बदलून बघा, मुक्तासारखा युनिकोड फॉन्ट घ्या. जुन्या डीटीपी फॉन्टांत टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवला तर भलतीच अक्षरं येतील.

तीन मशीनवर काम फिरवायचं तर प्रोजेक्टची फाइल आणि सगळं फुटेज एकाच फोल्डरात ठेवा आणि ते फोल्डर जसंच्या तसं पेनड्राइव्हवर न्या, म्हणजे शॉटकटला क्लिप सापडतात. तिन्हीकडे व्हर्जन एकच टाका. घरी नव्या व्हर्जनमध्ये केलेलं प्रोजेक्ट लॅबमधल्या जुन्यात नीट उघडेलच असं नाही. आणि फोनचं फुटेज टाकल्यावर शॉटकट ‘एडिटिंगसाठी कन्व्हर्ट करू का’ विचारेल, त्याला हो म्हणा. फोनचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) कमीजास्त होत असतो, त्यामुळे नंतर ढोलाचा आवाज आणि रहाडीतली उडी जुळत नाही. या कन्व्हर्ट केलेल्या फाइली मोठ्या होतात. त्या कुठे सेव्ह करायच्या हे तो विचारतो, तेव्हा त्याच प्रोजेक्टच्या फोल्डरात ठेवा, म्हणजे काम संपल्यावर कुठे शोधायच्या हा प्रश्न येणार नाही.